नाण्यातली टाकसाळीची चूक ओळखायला वजनकाटा घ्यावा का?

गल्लेवाला: दुकानाच्या गल्ल्यात १९९८चं स्टीलचं १ रुपयाचं नाणं आलंय. छापा एका अंगाला सरकलाय, दुसरीकडे चंद्रकोरीएवढी जागा कोरी. ओळखीचे एक काका म्हणाले, वजन कर म्हणजे एरर आहे का ते कळेल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५ ग्रॅम भरलं. आता नीट काटा विकत घेऊ का?

टाकसाळ्या: या नाण्यासाठी नको. ठसा सरकला तरी धातू तेवढाच राहतो, मूळचे ४.८५ ग्रॅमच भरणार. दुहेरी ठसा, डायला (ठसा उमटवणाऱ्या साच्याला) गेलेला तडा, यांतही वजन हलत नाही. तिथे भिंग लागतं. वजन बोलतं ते ठसा उमटण्याआधीची कोरी चकतीच चुकली तर: कड कापलेली, पत्रा पातळ लाटलेला किंवा दुसऱ्याच नाण्याची चकती. १९४३चा अमेरिकन सेंट घ्या. युद्धात तांबं वाचवायला तो पोलादाचा केला, २.७ ग्रॅमचा. चुकून तांब्यावर छापले गेलेले ३.११ भरतात.

जुनीमोड: +१, पण आपल्याकडे एक गोम आहे. २०११च्या मालिकेतला रुपया २२ मिमी, ३.७९ ग्रॅम, म्हणजे जुन्या स्टीलच्या ५० पैशांइतकाच! आणि त्याच मालिकेतले २ रुपये २५ मिमी, ४.८५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या १९९८च्या रुपयाइतके. अशी चकती बदलली तर काटा काय डोंबल सांगणार?

काटा घ्यायचाच तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा घ्या. १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा मेथी-जिऱ्यालाच बरा. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, तेव्हा दोन-तीन शतांशांवरून हुरळू नका. माझा काटा खरा उपयोगी पडतो तो राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या चांदीच्या रुपयाला, नकली ओळखायला. तो एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. दीड ग्रॅम कमी भरला की मी पुढे बोलतच नाही.

गल्लेवाला: आणि १५ रेषांचं १० रुपयांचं नाणं? एकजण दुर्मिळ म्हणून विकतोय.

टाकसाळ्या: ती चूक नाही हो, वेगळं डिझाइन. २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने १० रुपयांची १४ डिझाइन्स वैध असल्याचं सांगितलंय. भाजीवाल्याला द्या.

गल्लेवाला: शेजारच्या सोनाराकडे तोलून आलो. ४.८४. काटा रद्द, भिंग मागवतोय. सोनाराने मात्र तेवढ्यात विचारलं, "विकताय का?"

जुनीमोड: आधी फोटो टाका, दोन्ही बाजूंचे आणि कडेचा. मग त्याला उत्तर द्या.