मदत हवी आहे : पणजोबांचं आडनाव जन्म-मृत्यू नोंदवहीत कसं शोधायचं?

तेरणाकाठ :
नमस्कार. घरात तीन आडनावं झालीत. आम्ही जाधव, चुलते बिरादार आणि आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर पाटील! मूळ आडनाव कोणतं ते आण्णांना कळायला हवंय, रोज विचारतात. ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणाले, जुनं काही नाही. तहसीलला गेलो तर म्हणाले, ग्रामपंचायतीत जा. ऑनलाइन कुठं मिळतं का? कुणाला खात्रीचं माहीत असेल तर लवकर सांगा, फार फिरून झालंय.

मोंढा_नाका :
कोणतं गाव, कोणता तालुका, आजोबा कोणत्या साली वारले? एवढं तर सांगा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, आपल्याकडं १ एप्रिल १९७० पासून लागू. त्यानंतरची वही ग्रामपंचायतीत असायलाच पाहिजे.

परभणीकर_७१ :
कुणबी नोंद काढायची आहे का? मग सरळ जिल्ह्याच्या संकेतस्थळावर जा. कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीच्या वेळी स्कॅन केलेली पानं तिथं टाकली आहेत. आमच्या भावकीची तिथंच सापडली. अर्ज कसा भरायचा ते सविस्तर लिहितो.

तेरणाकाठ :
दादा, प्रमाणपत्र नकोय. फक्त आडनाव शोधायचंय. आजोबा १९७४ ला वारले, पणजोबा त्याच्या बरेच आधी.

ॲड_बालाघाट :
एवढी धावपळ कशासाठी? सगळ्यांनी राजपत्रात नाव बदलून एकच आडनाव लावा. प्रतिज्ञापत्र, फोटो, शुल्क भरलं की काम झालं.

सुनीता_उदगीर :
वकीलसाहेब, त्यांना आडनाव बदलायचं नाही, शोधायचं आहे.
तेरणाकाठ भाऊ, बिरादार म्हणताय म्हणजे तुम्ही आमच्याच पट्ट्यातले दिसता. उदगीर, निलंगा की देवणी? ते कळल्याशिवाय कुणीच नीट सांगू शकणार नाही.

तेरणाकाठ :
निलंगा तालुका. त्यानं काय फरक पडतो?

निवृत्त_अव्वल_कारकून :
फार फरक पडतो. मी महसुलात नोकरी केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लातूर जिल्हा झाला १९८२ साली, त्याआधी तुम्ही उस्मानाबादेत होता. पण निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तीन तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत बिदरचा बराचसा भाग म्हैसूरकडं आणि थोडा आंध्राकडं गेला, हे तीन तालुके मुंबई राज्यात आले. त्यामुळे पणजोबांच्या काळातल्या कागदावर जिल्हा बिदर असंच असणार. लातूर किंवा धाराशिव नाव पाहत बसलात तर हातचा कागद बाजूला टाकाल.

दुसरं, निजामाच्या राजवटीतल्या कागदांवर आडनाव शोधू नका. आमच्या हातून गेलेल्या उर्दू कागदांत 'माणिक वल्द तुकाराम' (म्हणजे तुकारामाचा मुलगा माणिक) एवढंच असायचं, पुढं कौम म्हणजे जात आणि मौजे म्हणजे गाव. आडनावाचा रकानाच नाही. तेव्हा पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि गाव या तीन गोष्टींवरून माणूस ओळखायचा. तारीख फसली सनात, म्हणजे निजामाच्या महसुली सालात, असेल. त्यात ५९० मिळवा, म्हणजे १३४५ फसली हे साधारण ऑक्टोबर १९३५ ला सुरू झालं.

मोंढा_नाका :
पण साहेब, प्रश्न जन्म-मृत्यूच्या वहीचा आहे, तुम्ही जमिनीच्या कागदावर गेलात.

निवृत्त_अव्वल_कारकून :
कारण १९७० च्या मागं गेलात की आपल्याकडं जमिनीचा कागदच हाताशी लागतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमीन कुणाच्या ताब्यात होती त्याची नोंद) मागा, भूमी अभिलेख कार्यालयात सेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनीची नोंद). शोध शुल्क भरून रीतसर अर्ज द्या. तोंडी विचारलं की 'नाही' हेच उत्तर मिळतं.

परभणीकर_७१ :
१९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टरपण मागा. आमचं तिथंच सापडलं.

मोंढा_नाका :
आधी तर म्हणालात संकेतस्थळावर सापडलं?

परभणीकर_७१ :
त्याची स्कॅन पानंच संकेतस्थळावर होती हो. कामून शब्दात पकडता?

किल्लारी_९३ :
आमच्याकडं भूकंपात घरातले सगळे कागद ढिगाऱ्यात गेले. ३० सप्टेंबर १९९३. सातबाऱ्याच्या नकला परत काढल्या, पण वाड्यातली मोडी बाडं गेली ती गेलीच. ज्यांच्या घरी अजून काही आहे त्यांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, हात जोडून सांगतो.

सुनीता_उदगीर :
खरं आहे दादा. माझ्या माहेरी एक लोखंडी पेटी आहे, येत्या सुट्टीत उघडून फोटो काढते.
तेरणाकाठ भाऊ, त्र्यंबकेश्वरला कुणी श्राद्धाला गेलं होतं का? तिथल्या उपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि कूळ लिहिलेलं असतं. माझ्या सासऱ्यांच्या चार पिढ्या तिथं मिळाल्या.

ॲड_बालाघाट :
वहीतलं लिखाण कोर्टात टिकायला अवघड जातं.

सुनीता_उदगीर :
त्यांना कोर्टात जायचंच नाही!

मोंढा_नाका :
१९७४ ची नोंद सोडू नका. तुमच्या हातातला दाखला नंतर काढलेला असणार. त्यापेक्षा मूळ वहीतल्या त्या ओळीची साक्षांकित नक्कल मागा. खबर देणाऱ्याचं नावही वहीत असतं. खबर देणाऱ्यानं जे सांगितलं तेच लिहून घेत. गावात पाटीलकी असेल तर तोंडात 'पाटील'च येणार. आणि नोंद नसेलच तर तोंडी 'नाही' ऐकून परत येऊ नका, अनुपलब्धता प्रमाणपत्र लेखी घ्या. ते मागितलं की वही नीट चाळली जाते.

तेरणाकाठ :
बापरे, बिदरचं आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आण्णांना विचारलं. पणजोबांकडं पोलीस पाटीलकी होती म्हणतात, आणि खबर बहुतेक मोठ्या चुलत्यांनी दिली असेल. सोमवारी ग्रामपंचायतीत नकलेचा अर्ज देतो, तिथून निलंग्याला खासऱ्यासाठी. उर्दू वाचणारं कुणी ओळखीचं आहे का? निलंगा-लातूर भागातलं असेल तर बरं.

निवृत्त_अव्वल_कारकून :
पानाचा स्वच्छ फोटो इथं टाका, मी वाचून देतो. शिक्का आणि समासातला मजकूर कापू नका, सन बहुधा तिथंच असतो.