येवा: नदीची देवी की कबरस्तानाची? लेखासाठी मदत हवी

नदीकाठ
मराठी विकिपीडियासाठी पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची देवी येवा हिच्यावर लेख लिहायला घेतलाय. एका ठिकाणी ती नायजेरियातली नदी, दुसरीकडे कबरस्तानात राहणारी कुमारिका, तिसरीकडे इंद्रधनुष्याची बहीण. ओया या देवीचंही वर्णन असंच सापडतं. माहितीचौकटीत नेमकं काय भरू? 'सोवळ्याची आणि मृत्यूची देवी' असं लिहिलं तर चालेल का?

अटलांटिकपार
एकच चौकट भरायला गेलात तर घोळ होणार. तीन देश, तीन परंपरा. आधी प्रत्येक माहितीपुढे देश लिहा, मग ती जुळवायला बसा.

नायजेरिया: मूळ नदी. ओगुन राज्यातली येवा नदी, तिच्या काठचे लोक पूर्वी एग्बाडो म्हणवत, 1995 साली त्यांनी येवा हे नाव घेतलं. इलारो आणि आयेतोरो ही त्यांची मोठी गावं. इथे ती पाण्याची देवी आहे, कबरस्तानाचा ठळक संबंध नाही.

क्युबा: तुम्हाला सापडलेली कुमारिका ती इथली. बापाने जिवापाड जपलेली मुलगी. मेघगर्जनेचा देव शांगो वाड्यात शिरतो, तिचं मन चळतं. मग लाजेने ती स्वतःच बापाला म्हणते, कुठलाही पुरुष मला बघणार नाही अशा जागी पाठवा. तो तिला मृतांच्या राज्यात पाठवतो. बाप कोण, ओदुदुआ की ओबाताला (दोघेही योरुबा देव), यावर कथा बदलते; दोन्ही पाठभेद द्या.

ओयाशी गल्लत होते ती इथेच. क्युबात कबरस्तानाच्या फाटकावर ओया, आत प्रेताचा ताबा येवाकडे. ओया म्हणजे वादळ, नऊ रंग, लढाई. येवा म्हणजे गुलाबी रंग आणि शांतता. आणि दोघींपैकी कुणीही स्वतः मृत्यू नाही. मृत्यू म्हणजे इकु, तो वेगळा आणि पुरुष. 'मृत्यूची देवी' खोडा, 'मृतांची राखणदार' लिहा.

कवडी_आणि_भोपळा
वरच्यात भर. कबरस्तान क्युबातच का आलं? जुन्या योरुबा रीतीत माणसाला घराच्या आवारातच पुरत, म्हणजे गावाबाहेरचं कबरस्तान ही मुळात त्यांची जागाच नव्हे. हवानातही आधी चर्चमध्येच पुरायचे. एस्पादा हे पहिलं सार्वजनिक कबरस्तान उघडलं 1806 साली. पुढच्या काही दशकांत ओयो हे योरुबांचं साम्राज्य कोसळलं आणि योरुबा गुलाम मोठ्या संख्येने क्युबात उतरले. नवी जागा तयार झाली, तिला देवता हवी होती. हा शेवटचा दुवा माझा तर्क आहे, लेखात तसाच घालू नका. क्युबातल्या मातान्सास शहरातल्या एग्वादो या धार्मिक घराण्याचा उल्लेख मात्र जरूर करा. एग्वादो म्हणजे एग्बाडोच, त्यामुळे नदीकाठचे लोक तिकडे पोहोचल्याचा तो सरळ धागा.

'सोवळं' नको. आपल्याकडे सोवळं म्हटलं की विटाळ, ओलं धोतर, स्वयंपाकघर. येवाचं पथ्य कौमार्याचं आणि मर्यादेचं आहे: तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही, भांडायचं नाही, कपडे उतरवायचे नाहीत. तिची सेवा सहसा वयस्क, रजोनिवृत्ती झालेल्या बायका करतात. तिची दीक्षा दुर्मीळ असण्याचं एक कारण हेच, पथ्य पाळणारं माणूस मिळत नाही.

नदीकाठ
धन्यवाद, बरंच सुटलं. इंद्रधनुष्य मग ब्राझीलचं ना?

अटलांटिकपार
हो. कांदोंब्ले या आफ्रो-ब्राझिलियन धर्मात ती एवा, इंद्रधनुष्य-सर्प ओशुमारेची बहीण, नाना बुरुकुच्या कुटुंबातली. (नाना इथे वृद्ध देवी आहे, आजोबा समजून लिंग चुकवू नका.) तिचा जयघोष 'रिरो!'. हातात भाला आणि राफिया ताडाच्या तंतूंनी मढवलेला छोटा भोपळा. तिची जागा क्षितिजावरचा तांबूस-गुलाबी पट्टा, धुकं, वाफ; थोडक्यात, जे एका रूपातून दुसऱ्यात जातं ते सगळं. संक्रमणाची देवी म्हणतात ते इथून.

एक कथा सविस्तर घ्या. भविष्यकथनाचा देव ओरुन्मिला याच्या मागे इकु लागलाय. तो पळत नदीवर येतो, एवा कपडे धूत असते. ती त्याला धुण्याच्या भांड्याखाली दडवते आणि मृत्यूला भलतीच वाट दाखवते. बदल्यात तिला भविष्य पाहण्याची दृष्टी मिळते. दृष्टीमुळेच ब्राझीलमध्ये तिची सांगड डोळ्यांची संत लुसिया हिच्याशी घालतात. तिचा दिवस 13 डिसेंबर.

कवडी_आणि_भोपळा
चित्र टाकताना जपा. जालावर 'येवा' म्हणून फिरणारी बरीच चित्रं ओयाची असतात. हातात घोड्याच्या शेपटीची चवरी आणि नऊरंगी घागरा असेल तर ती ओया, टाकू नका. आणि 'हेही पहा' मध्ये काली, चामुंडा जोडायचा मोह आवरा. स्मशान सारखं असलं तरी येवा रक्त मागत नाचत नाही, समोरच्याला हळू बोलायला लावते.

शीर्षक 'येवा (ओरिशा)' ठेवा; ओरिशा म्हणजे योरुबा देवता. नुसतं 'येवा' नदीच्या लेखासाठी मोकळं सोडा.