‘डिसॅबिलिटी’ मोजायची, पण मराठीत काय म्हणून?

अनुवादिका: मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारावरच्या एका औषधचाचणीचं संमतीपत्रक मराठीत करतेय. रुग्णाची डिसॅबिलिटी दर तीन महिन्यांनी मोजणार आहेत. मी ‘अपंगत्व’ लिहिलं. दुसऱ्या अनुवादकाने त्याचं उलट इंग्रजी केलं, तर तिथे ‘हँडिकॅप’ उगवला. पत्रक परत माझ्याकडे. काय लिहू?

वामनकाका: विकलांगता. शुद्ध शब्द असताना अडायचं कशाला?

पायवाट: शुद्ध असेल हो, पण घरात कोण बोलतं? आमच्याकडे लुळा, पांगळा, थोटा.

न्यूरोताई: आधी मोजतात काय ते बघा. जॉन कर्ट्झके यांची १९८३ ची मोजपट्टी आहे, ० ते १०. ४ वर माणूस आधाराशिवाय ५०० मीटर चालतो, ६ वर १०० मीटरला काठी लागते, १० म्हणजे या आजाराने मृत्यू. सगळा भर पायांवर, म्हणून हातांसाठी नऊ खुंट्या भोकांत बसवायची वेगळी चाचणी घेतात. २ वरचा पेशंट रोज ऑफिसला जातो. तो ‘अपंगत्व’ वाचून सही न करताच उठतो.

गुलबक्षी: ‘दिव्यांग’ तर नकोच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे, पण सवलतींना ४० टक्क्यांचा दाखला लागतो. आत्याचा स्कोअर ४ आला तेव्हा आम्ही चुकून ४० टक्के धरून अर्जही लिहिला होता!

वामनकाका: मुळात ‘अपंग’च चूक. पंगू म्हणजे लंगडा, मग अ-पंगू धडधाकट झाला की!

पायवाट: अप अधिक अंग असेल.

गुलबक्षी: मग संधी ‘अपांग’ होईल. तो डोळ्याचा कोपरा.

अनुवादिका: ‘अधूपणा’ कसा वाटतो? आजी म्हणायची, डावा पाय जरा अधू आहे. अधूला ‘जरा’ लागतं. ‘जरा अपंग’ म्हणून बघा.

न्यूरोताई: पायाला ठीक. लघवीवरचा ताबाही त्याच पट्टीत येतो. तो अधू कसा म्हणायचा?

पायवाट: ‘डिसॅबिलिटी’च ठेवा देवनागरीत. बीपी, शुगर चालतं ना?

वामनकाका: म्हणजे मराठीच अधू! बरं, पांगळावरून आठवलं, पहाटे दान मागायला पांगुळ यायचा. सूर्याचा सारथी अरुण पांगळा, त्याचा हा माणूस.

गुलबक्षी: आमच्याकडचा झाडावर चढून हाका मारायचा!

अनुवादिका: पत्रक शुक्रवारी द्यायचंय हो.

वामनकाका: पांगळा, आणि झाडावर?