गोचीड चावून आठ महिने झाले, अजून सांधे धरतात

प्रश्न: गुडघ्यामागे खसखशीएवढी गोचीड चिकटली होती. मी तीळ समजून नखाने खरवडत बसले! नवव्या दिवशी तळहाताएवढं लाल वर्तुळ उठलं. लाइम (गोचिडीतून होणारा जंतुसंसर्ग) निघाला. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला, तरी थकवा हटत नाही. अँटिबॉडी टेस्टही पॉझिटिव्हच. जंतू उरलेत का?

उत्तर १: त्या टेस्टवर जाऊ नका. बोरेलिया, म्हणजे लाइमचे जंतू, मेल्यावरही अँटिबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात. माझ्या अजून आहेत.

उत्तर २: मग पुन्हा अँटिबायोटिक घ्या की!

उत्तर १: नको हो. महिनोन्महिने घेऊनही असा थकवा जात नाही, हे रुग्णांवरच्या अभ्यासांत दिसलंय. पोट मात्र बिघडतं. थायरॉईड, हिमोग्लोबिन पाहिलंत? मला सावरायला वर्ष लागलं.

प्रश्नकर्ती: थायरॉईड राहिलंच. उद्या रक्त देते.