मदत हवी आहे: हे 'हीदर' नक्की कोणतं? शेंडे पिवळे पडताहेत, छाटू का?

भेट म्हणून आलेल्या कुंडीवर नुसतं 'हीदर' लिहिलंय. जेमतेम वीतभर झुडूप, काड्या बारीक पण कडक, अंगभर गुलाबी घंट्या. फुलं ऐन थंडीत आली, अजूनही आहेत. हल्ली मात्र शेंडे पिवळट दिसतात आणि बुडाकडच्या काड्या पार बोडक्या झाल्यात.

याला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH) ४.५ ते ५.५, असं वाचलं. आमचं पाणी जड, म्हणजे चुन्यामुळेच पिवळं पडत असणार. माती आम्ल करायला गंधक घालू का? बोडक्या काड्या बुडापासून छाटल्या तर नवी फूट येईल ना? कुंडी एका शोभेच्या भांड्यात ठेवली आहे, त्याला खाली भोक नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

खुरपं:
गंधक तूर्तास राहू द्या, आणि कात्री तर अजिबात नको. आधी झाड ओळखू, कारण 'हीदर' या एका पाटीखाली वेगवेगळी बिऱ्हाडं नांदतात.

खरं हीदर म्हणजे कॅलुना वल्गॅरिस. कॅलुना या प्रजातीत (genus) ही एकच जाती. पानं खवल्यांसारखी, दोन-तीन मिलिमीटरची, समोरासमोर जोडीनं, काडीला चिकटून एकावर एक चढलेली. फुलाचा रंग मुख्यतः पाकळ्यांबाहेरच्या निदलांचा (sepals) असतो, पाकळ्या आत दडलेल्या. शिवाय ते फुलतं उन्हाळ्याच्या अखेरीस, त्यामुळे मला इथेच शंका येतेय. 'हीदर' म्हणून विकली जाणारी दुसरी प्रजाती एरिका; तिच्या जाती आठशेच्या वर, बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या. त्यांची पानं सुईसारखी, एका पेरावर तीन-चार मिळून, आणि रंगीत घंटी पाकळ्यांचीच. 'मेक्सिकन हीदर' म्हणून मिळणारी क्युफिया तर मेंदीच्या कुळातली; तिची पानं सपाट, पाकळ्या सहा आणि सुट्या.

भिंग घ्या, एका पेरावर किती पानं ते मोजा आणि घंटीच्या तोंडाशी काय दिसतं ते सांगा.

धागाकर्ता:
चार पानं, पक्कं. वेगवेगळ्या काड्यांवर मोजली. पानाच्या कडा खाली वळलेल्या, त्यामुळे मागून मधोमध नुसती रेघ दिसते. घंटीतून काळपट टोकं बाहेर डोकावताहेत.

खुरपं:
वा, काम सोपं केलंत! ते काळपट म्हणजे परागकोश. एरिका टेट्रालिक्स या जातीलाही एका पेरावर चार पानं असतात, पण तिचे परागकोश घंटीतच राहतात आणि ती उन्हाळ्यात फुलते. तुमची एरिका कार्निया, नाहीतर तिचा संकर डार्लेएन्सिस. दोघी थंडीतल्या.

कार्निया आल्प्सकडची, चुनखडीच्या डोंगरांवरही वाढणारी. थोडाफार चुना तिला चालतो, तेव्हा गंधकाची गरज नाही. कॅलुना असती तर मीच पावसाचं पाणी साठवायला सांगितलं असतं. माझा संशय त्या बिनभोकाच्या भांड्यावर आहे. कुंडी बाहेर काढा, मातीचा गोळा अलगद सोडवून बघा. मुळं केसांएवढी बारीक असतात, पाण्यात उभी राहिली की गुदमरतात. काळी, मऊ पडून कुबट वास येत असेल तर तेच कारण. पण म्हणून माती खडखडीत सुकूही देऊ नका. पीटचा (कुजलेल्या शेवाळाच्या कुंडीमातीचा) गोळा एकदा सुकला की वरून घातलेलं पाणी कडेनं निघून जातं. मग कुंडी बादलीत बुडवावी, बुडबुडे थांबेपर्यंत.

हिरवीकंच:
छाटणीचं राहिलं. फुलं सरली की लगेच, आणि जिथवर हिरवी पानं आहेत तिथवरच. जुन्या लाकडात कापलंत तर बहुधा फुटत नाही. बोडक्या काड्यांचं दाब कलम करा: एखादी बाहेरची फांदी वाकवून मधला भाग मातीत दाबा, वर छोटा दगड ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. मुळं धरायला महिने लागतात, रोज उकरून बघू नका. आणि पिवळं दिसतंय म्हणून खत मारू नका, मुळं आजारी असताना तर मुळीच नको.

धागाकर्ता:
कुंडी उचलली तर भांड्यात बोटभर पाणी! वास येतोय, पण मधली मुळं अजून फिकट आणि घट्ट आहेत. काळी तेवढी कापून नव्या मातीत लावू, की फुलं संपेपर्यंत थांबू?

खुरपं:
थांबू नका. फुलं गेली तर गेली.