गुडघ्यातलं ‘वंगण’, ‘पाणी’ आणि ‘तार’

प्रश्न : आरोग्यविषयक मजकुराचं भाषांतर करते आहे. सांध्यातल्या द्रवाच्या व्हिस्कॉसिटीला ‘घनता’ म्हटलं तर चालेल का? आणि द्रवाला ‘वंगण’?

उत्तर : ‘घनता’ नको, ताई. गोडं तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे त्याची घनता पाण्याहून कमी. तरी ओतताना ते पाण्यापेक्षा सावकाश वाहतं. या सावकाशपणाला विश्वकोशात ‘श्यानता’ म्हटलंय, सोबत ‘दाटपणा’ही दिलाय. घरोघरी वाचायचा मजकूर असेल तर सरळ ‘दाटपणा’ लिहा.

‘वंगण’ मला खटकतं. वंगण बाहेरून घालायचं, ते वापरून संपतं. म्हणून तर ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ ऐकलं की माणूस धास्तावतो. सांध्याचं आतलं अस्तर हा द्रव सतत बनवत असतं. निरोगी गुडघ्यात तो एरवीही थोडाच, ४ मिलिलिटरच्या आत. शिवाय कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण यातूनच होतं. हे काम कुठलं वंगण करतं? ‘संधिद्रव’ बरा.

‘गुडघ्यात पाणी झालंय’ मात्र अगदी नेमकं आहे. संधिवाताने सांधा सुजला की द्रव वाढतो, पण त्याला दाटपणा देणाऱ्या हायलुरोनिक आम्लाच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, विरळ होतात आणि तो पातळ पडतो.

आता माझा आवडता शब्द, ‘तार’. रव्याच्या लाडवांचा पाक झाला का हे आजी कसं बघायची? थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच फाकवायची. मधे धागा आला की एकतारी. सांध्यातून काढलेला द्रव सुईच्या टोकावरून सोडून डॉक्टरही हेच बघतात. निरोगी द्रवाची चार-पाच सेंटिमीटर तार लोंबते, सुजलेल्या सांध्यातला पाण्यासारखा टपटप गळतो. फरक एवढाच, की पाकाला तार येते साखरेच्या प्रमाणामुळे, इथे त्या लांब साखळ्यांमुळे. सांधा हलला की याच साखळ्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात, म्हणून हा द्रव स्थिर असताना दाट आणि चालताना सैल असतो.

आयुर्वेदात सांध्यातल्या कफाला ‘श्लेषक’ म्हणतात. धातू ‘श्लिष्’, म्हणजे चिकटणं, बिलगणं. आपला श्लेष अलंकारही त्यातलाच. चिकटपणा तिथे नावातच आलाय.

तुमच्या मजकुरात सुजलेल्या गुडघ्याचं वर्णन असेल, तर ‘द्रवाची तार तुटते’ असं लिहून बघा.