तिवरांवरचा भराव: उपग्रहचित्र कोर्टात टिकेल का?

खाडीकाठ: सोसायटीमागच्या तिवरांत डेब्रिज टाकणं चालू आहे. गुगल अर्थचे आधीचे-नंतरचे स्क्रीनशॉट जोडून हायकोर्टात जाता येईल? कुणाची परवानगी लागते?

नकाशेवाला: स्क्रीनशॉट तक्रारअर्जापुरते ठीक, पुरावा म्हणून कच्चे. तिथलं चित्र वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे जोडलेलं असतं. खाली दिसणारी तारीख तुमच्याच तुकड्याची असेल असं नाही.

कोपर्निकसवरून (युरोपचा उपग्रहचित्रांचा कार्यक्रम) त्यांच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची मूळ फाइल उतरवा. मोफत आहे, फक्त स्रोत आणि वर्ष नमूद करायचं. फाइलच्या नावात तारीख-वेळ असते, ती यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ). भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. नाव बदलू नका. एक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. दोन डंपरांचा ढीग त्यात दिसायचा नाही.

खरी गोची भरती-ओहोटीची. हा उपग्रह मुंबईवरून सकाळी अकराच्या सुमारास जातो, पण पाणी दर वेळी वेगळ्या उंचीवर असतं. पहिलं चित्र भरतीचं आणि दुसरं ओहोटीचं घेतलंत तर उघडा पडलेला गाळच भराव म्हणून दिसतो, आणि समोरचा वकील नेमकं तेच पकडतो. भरतीच्या कोष्टकात बघून सारख्या उंचीचे दिवस निवडा. पावसाळ्यातली चित्रं ढगांमुळे बहुतेक बाद.

फोर्टचा_वकील: परवानगीचं म्हणाल तर मोफत चित्र वापरायला लागत नाही. केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशांसाठीची पूर्वपरवानगी काढून टाकली. १ मीटरपेक्षा बारीक डेटा मात्र फक्त भारतीय संस्थांनाच तयार करता आणि बाळगता येतो, आणि तो भारतातच साठवावा लागतो.

अडतं ते इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्रावर. भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ६३ (जुनं ६५ब), १ जुलै २०२४ पासून लागू. भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हीत हॅश (फाइलवरून काढलेला, तिच्या अंगठ्याच्या ठशासारखा आकडा) लागतो. फाइल उतरवल्या दिवशीच एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून ठेवा. क्रॉप करून त्याच नावाने सेव्ह केलीत की हॅश बदलला; कातरलेली प्रत वेगळी ठेवा, तिचा हॅश वेगळा. सुप्रीम कोर्टाच्या खोतकर-गोरंट्याल निकालानंतर (२०२०) प्रमाणपत्राशिवाय नुसती प्रिंट चालत नाही.

खाडीकाठ: भाग ब भरणारा तज्ज्ञच भराव झाला असं सांगेल ना?

फोर्टचा_वकील: नाही. भाग ब फक्त फाइल तीच आहे एवढं सांगतो. चित्रात काय दिसतं, त्यासाठी सुदूर संवेदनातल्या (उपग्रहचित्रं वाचण्याच्या शास्त्रातल्या) जाणकाराचं वेगळं शपथपत्र, त्याच कायद्याच्या कलम ३९ खाली.

नकाशेवाला: एक राहिलं. २०१८ च्या हायकोर्ट निकालातली तिवरांभोवतीची ५० मीटरची संरक्षित पट्टी म्हणजे जेमतेम पाच पिक्सेल. भराव पट्टीच्या कडेलाच असेल तर चित्रावर वाद घालत बसू नका, सरळ जागेच्या मोजणीचा अर्ज करा.